दर महिन्याला मिनिमम भरतोय, तरी कार्डाची बाकी हलत का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २७, नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात ३८,००० पगार, तो ७ तारखेला जमा होतो. दीड वर्षापूर्वी पहिले क्रेडिट कार्ड घेतले, लिमिट ९०,०००. बिल १५ तारखेला निघते, भरायची शेवटची तारीख ५. दिवाळीत नवा मोबाइल घेतला, लगेच बहिणीचा साखरपुडा आला आणि तो खर्चही कार्डावर गेला. तेव्हापासून दर महिन्याला न चुकता मिनिमम भरता आहात, तरी बाकी ४८,००० च्या खाली जायला तयार नाही. वडील म्हणतात कार्ड कापून टाक, मित्र म्हणतो कापलेस तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर, बिघडेल. कोणाचे ऐकू, असे विचारले आहे.

मी २४ वर्षे बँकेत होतो, त्यातली ११ वर्षे कार्ड विभागात. आता नोकरदारांना त्यांच्या कर्जाचा हिशेब मांडून देतो. माझ्यासमोर येऊन बसणारे बहुतेक लोक तुमच्यासारखेच असतात, नेमाने भरणारे. आपण नियमित भरतोय म्हणजे सगळे ठीक चालले आहे, असे त्यांना वाटत असते. त्यामुळे तुम्ही बाकी का हलत नाही हे विचारलेत, याचेच मला फार बरे वाटले.

तुमचे शेवटचे बिल समोर घ्या. पहिल्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. एकूण ४८,०००. किमान म्हणजे त्याच्या ५ टक्के धरली तर २,४००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू, बहुतेक कार्डांचा दर त्याच्याच आसपास असतो. ४८,००० वर एका महिन्याचे व्याज होते १,६८०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३०२ रुपये. दोन्ही मिळून १,९८२. तुम्ही भरले २,४००. मुद्दलातून किती गेले? ४१८ रुपये. आणि त्याच महिन्यात पेट्रोल, औषधे, एखादे रिचार्ज असे सात-आठशे रुपये कार्डावर गेले असतील, तर बाकी उलट वाढली. काही बँका व्याज वेगळे काढून वर मुद्दलाचे ५ टक्के मागतात, तिथे बाकी थोडी तरी खाली सरकते. तुमची सरकत नाही, यावरून तुमचा हिशेब पहिल्या प्रकारचा दिसतो, किंवा कार्ड अजून चालू वापरात आहे. बहुधा दोन्ही.

फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, ही सूचना बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ती तुमच्याही बिलावर आहे, शोधा. अक्षर बारीक असते.

साडेतीन टक्के हा आकडा कानाला लहान वाटतो म्हणून तो वर्षाचा करून बघा: ४२ टक्के. जीएसटी धरून साडेएकोणपन्नासच्या आसपास. कायदा यावर काही मर्यादा घालेल अशा आशेवर राहू नका. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावरचे व्याज ३० टक्क्यांच्या वर नको असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. आणि जीएसटीची एक गोष्ट फारशा कोणाला माहीत नसते. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर लागतो. तेच पैसे, पण कार्डावर उधार असले तर त्यांच्या व्याजावर वेगळा करही भरायचा.

मिनिमम भरण्याने आणखी एक नुकसान होते आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठे. कार्डाचा खरा फायदा म्हणजे बिनव्याजी मुदत. तुमच्या तारखांप्रमाणे १६ जूनला घेतलेल्या वस्तूचे बिल १५ जुलैला निघेल आणि पैसे ५ ऑगस्टला द्यायचे. ५० दिवस फुकट. १४ जुलैला घेतलेल्या वस्तूला मात्र २२ दिवसच मिळतात. पण ही सवलत आधीचे बिल पूर्ण भरणाऱ्यालाच आहे. मागची बाकी पुढे ओढलीत की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत संपते. आज संध्याकाळी ३०० रुपयांचे पेट्रोल भरले तर त्यावरचे व्याज आजपासून चालू. म्हणजे गेले कित्येक महिने तुम्ही किराणाही जवळजवळ ५० टक्के वार्षिक व्याजाने घेत आहात. हे तुम्हाला आजवर कोणी समजावून सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

म्हणून पहिले काम, आजच. कार्ड वापरणे पूर्ण थांबवा. कापू नका, कपाटात ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, टॅप करून देणे, परदेशी व्यवहार, सगळ्यांची बटणे बंद करा. ही बटणे ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावी लागतात. शॉपिंगच्या ॲपमध्ये कार्ड साठवलेले असेल तर तिथूनही काढा.

दुसरे काम, हे ४८,००० कार्डावरून उचलून स्वस्त कर्जात टाकणे. घरात एफडी असेल तर ती मोडायला कचरू नका. सात टक्के मिळवणारी एफडी जपायची आणि ५० टक्क्यांचे कर्ज फेडत बसायचे, याला काही अर्थ नाही. एफडी नसेल तर तुमच्या कारखान्यात कामगारांची पतसंस्था आहे का ते बघा. एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांत असते आणि तरुण मुले तिचे सभासदही होत नाहीत. तिचा दर बहुतेक ठिकाणी कार्डाच्या निम्म्याहूनही कमी असतो. घरातल्यांची तयारी असेल तर बँकेचे सोनेतारण. यातले काहीच जमले नाही तर पर्सनल लोन, आणि अगदी शेवटी कार्डाच्याच बँकेला सांगून बाकी हप्त्यांत फिरवून घेणे. त्यात दर कमी होतो, पण प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजावरचा जीएसटी सुटत नाही.

फरक किती पडतो ते बघा. ४८,००० रुपये १६ टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,३५५ येतो आणि पूर्ण वर्षाचे व्याज ४,२६० च्या आसपास. तेवढेच ४,३५५ दर महिन्याला कार्डावर भरत गेलात, वर एक रुपयाही खर्च न करता, तर १५ महिने लागतील आणि व्याज अधिक जीएसटी मिळून १७,३०० च्या आसपास जातील. खिशातून महिन्याला जाणारी रक्कम तीच. कर्ज कुठे ठेवले आहे, एवढ्यानेच १३,००० रुपयांचा फरक पडतो.

आता मला ज्याची भीती वाटते ते सांगतो. कर्ज काढून कार्डाची बाकी फेडली की ॲपमध्ये पुन्हा उपलब्ध लिमिट ९०,००० दिसते. डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते, हात मोकळा होतो. माझ्याकडे एक जोडपे आले होते, दोघेही कमावते. बाकी एका कार्डावरून दुसऱ्यावर, तिथून पर्सनल लोनवर, अशी तीनदा हलवली होती. दर वेळी मोकळे झालेले कार्ड वर्षभरात पुन्हा भरले. ६०,००० चे देणे चार वर्षांत सव्वादोन लाखांवर गेले होते आणि त्या चार वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता. म्हणून पतसंस्थेचे हप्ते चालू असेपर्यंत कार्ड कपाटातच राहू द्या. बँकेचा लिमिट वाढवून देतो असा फोन आला तर नको म्हणा. तुमच्या संमतीशिवाय ते वाढवू शकत नाहीत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट जाता जाता लिहिलेली आहे आणि माझ्या मते मूळ दुखणे तिथेच आहे. बिलाची शेवटची तारीख ५, पगार ७ ला. म्हणजे दर महिन्याला बिल भरायच्या दिवशी तुमच्या खात्यात महिन्यातले सगळ्यात कमी पैसे असतात. अशा दिवशी माणूस मिनिमम भरूनच सुटका करून घेतो. यात तुमच्या स्वभावाचा दोष मी धरत नाही, तारखाच चुकीच्या बसल्या आहेत. त्या बदलता येतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. बाकी फिटली की कार्ड पुन्हा वापरण्याआधी बँकेकडे लेखी मागणी करा आणि बिल २० च्या सुमारास निघेल असे करून घ्या. मग शेवटची तारीख १० च्या आसपास येईल आणि पगार हातात पडल्यावर बिल भरता येईल.

त्या शेवटच्या तारखेबद्दल माझा स्वतःचा अनुभव आहे. २००३ साली मी पहिले कार्ड घेतले, दुसऱ्या बँकेचे. शेवटच्या तारखेला सकाळी चेक त्यांच्या पेटीत टाकला आणि निश्चिंत झालो. चेक वटला तीन दिवसांनी. पुढच्या बिलावर लेट फी, आणि भरलेल्या महिन्याचे व्याज. मी स्वतः बँकेत नोकरीला होतो, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते. शेवटची तारीख म्हणजे पैसे तिथे पोचण्याची तारीख. आता चेकची पेटी कोणी वापरत नाही, पण एखाद्या ॲपवरून भरलेले पैसे कार्डावर दिसायला आजही एखाददोन दिवस लागू शकतात. तारखेच्या तीन दिवसांनंतरच बँकेला लेट फी लावता येते आणि सिबिलला उशीर कळवता येतो, हा नियम आहे खरा. पण तो अडीअडचणीसाठी. व्याज मोजताना मूळ तारीखच धरतात.

ऑटो डेबिट लावा, पण लावताना एक खूण नीट बघा. फॉर्मवर 'एकूण रक्कम' आणि 'किमान रक्कम' असे दोन पर्याय असतात. किमान रकमेवर खूण केलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. खात्यातून दर महिन्याला पैसे आपोआप जाताना दिसतात, मेसेज येतो, आणि माणूस वर्षभर समजून चालतो की बिल भरले जाते आहे.

पुढे कार्ड सुरू कराल तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक सवय लावायला सांगतो. बँकेत दुसरे बचत खाते असेलच. कार्डाने ६०० रुपयांचा किराणा घेतला की घरी येऊन ६०० रुपये त्या दुसऱ्या खात्यात टाकायचे. बिल येईल तेव्हा तेवढे पैसे तिथे बाजूला पडलेले असतात. दोन-तीन महिने कंटाळवाणे वाटते. पण ज्या दिवशी ६०० टाकायला ६०० नसतात, त्या दिवशी ती खरेदी कार्डावरही करायची नव्हती हे तिथल्या तिथे कळते, बिलाची वाट बघावी लागत नाही. वाण्याची वही आपल्या आईला पाठ असायची, कारण रोजचा आकडा तिच्यासमोर लिहिला जायचा. कार्डावर तो आकडा महिन्यातून एकदा दिसतो, म्हणून आपणच तो रोज समोर आणायचा.

एटीएममधून कार्डाने रोख काढू नका, कधीच. बिनव्याजी मुदत तिथे नसते, पैसे हातात पडल्यापासून व्याज. शिवाय फी, साधारण अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये. ५,००० काढले आणि महिन्याने भरले तर ५०० फी, १७५ व्याज आणि दोन्हीवर जीएसटी मिळून जवळजवळ ८०० रुपये पडतात.

नो कॉस्ट ईएमआय हे नावाइतके विनाखर्च नसते. व्याज दुकानदार सवलतीतून वळते करतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुम्हीच देता. त्यातही, रोख किंवा एकरकमी दिले तर दुकानदार किती कमी करेल हे आधी विचारा. वस्तू खरोखर लागणारी असेल आणि हप्ता बजेटात बसत असेल तर घ्यायला हरकत नाही. पण हप्ता दर महिन्याच्या बिलात येतो आणि ते बिल पूर्णच भरायचे असते, हे धरून चाला.

पॉइंट आणि कॅशबॅकबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि त्यावर बोलण्यासारखे सगळ्यात कमी असते. साध्या कार्डावर १०० रुपयांना चार आणे ते रुपया सुटतो. तुमचे एका महिन्याचे व्याज आणि जीएसटी १,९८२ होते. एक टक्का कॅशबॅकने तेवढे मिळवायला १,९८,००० चा खर्च करावा लागेल.

मित्र किंवा भाऊबंद सेलच्या दिवसांत 'तुझ्या कार्डावर दहा टक्के सूट आहे, फ्रिज घेऊन दे' म्हणतात, ते टाळा. पैसे वेळेत आले नाहीत तर बिल तुमचे, व्याज तुमचे, सिबिलवरचा डाग तुमचा, आणि नातेही बिघडते. वर्षात कार्डांची बिले १० लाखांवर भरली गेली, किंवा लाखभर रोखीने भरली, तर ती माहिती प्राप्तिकर खात्याकडे जाते, हेही लक्षात असू द्या.

मित्राचे सिबिलविषयी म्हणणे अर्धे बरोबर आहे. जुने, नीट फेडलेले कार्ड चालू असले की स्कोअरला मदत होते. पण आत्ता तुमच्या स्कोअरला ओढते आहे ती वेगळीच गोष्ट. ९०,००० च्या लिमिटमध्ये ४८,००० कायम वापरात, म्हणजे ५३ टक्के. ३० टक्क्यांच्या आत वापर असणे चांगले मानतात. बाकी फिटली की हा आकडा सुधारेल, आणि बँकांना आता महिन्यातून एकाहून जास्त वेळा माहिती कळवावी लागत असल्याने तो सुधारलेला लवकर दिसेलही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, तो काढून तपासा. 'थोडे पैसे भरा, बाकी माफ, सेटलमेंट करून टाकू' असा वसुलीवाल्याचा फोन कधी आला तर मोहात पडू नका. 'सेटल्ड' ही नोंद अनेक वर्षे राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तिथे आडवी येते. तसे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, हाही नियम आहे.

फसवणुकीबद्दल दोन शब्द, कारण कपाटातल्या कार्डावरूनही पैसे जातात. पॉइंट आज संपणार, केवायसी करा, लिमिट वाढवतो, असे मेसेज आणि फोन येतात. ओटीपी सांगू नका, कोणी पाठवलेले ॲप उतरवू नका. तुमचा दोष नसताना व्यवहार झाला आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. म्हणून लाजेने दिवस घालवू नका. आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक, मग बँकेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.

वडिलांचे म्हणणे मी टाळलेले नाही. वर्षभराने, सगळे फिटल्यावरही कार्ड समोर असले की खर्च होतोच असे वाटले, तर खुशाल बंद करा. मिळकत कमीजास्त होणाऱ्या, किंवा उधारीची धास्ती घेणाऱ्या माणसाला कार्ड नसलेलेच बरे, त्याने काही अडत नाही. मात्र कात्रीने कापल्याने खाते बंद होत नाही, वार्षिक फी लागतच राहते. बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. सात कामकाजी दिवसांत बंद केले नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. मला स्वतःला विचाराल तर तुमच्या घरात एक कार्ड असावे असे वाटते. रात्री दोन वाजता वडिलांना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि ३०,००० डिपॉझिट मागितले, तर ते लागते. पण तेव्हा उपयोगी पडायला ते रिकामे असावे लागते, अर्धे भरलेले नाही.

शेवटच्या दोन बिलांत 'प्रोटेक्शन प्लॅन' किंवा विम्याच्या नावाने काही रक्कम लागली आहे का तेही बघा. फोनवर घाईत 'हो' म्हटलेल्यातून ती लागते. असेल तर ईमेलने बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक जपा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

पतसंस्थेत जाताना शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या आणि कार्डाच्या बिलाच्या प्रती न्या. सभासद नसाल तर आधी शेअर घ्यावे लागतील, आणि बहुतेक ठिकाणी सभासदच जामीनदार लागतो, म्हणजे वडील चालणार नाहीत. तुमच्या विभागातल्या दोन सभासद सहकाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. कर्ज मिळाले की त्याच दिवशी कार्डावर भरा. त्या दिवसापर्यंत चढलेले व्याज पुढच्या बिलात चार-पाचशे रुपयांनी का होईना पण येईल, तेव्हा बाकी शून्य दिसली म्हणून ते बिल न उघडता सोडू नका.